भिंतीवरची वारली आणि तलावातला खांब



निमंत्रणात विषय लिहिलाय ‘सार्वजनिक कला आणि शाश्वत नगरविकास’. एवढा मोठा विषय तासाभरात उरकणं म्हणजे गोसीखुर्दचं पाणी तांब्यात भरणं. म्हणून आम्ही तो भंडारा जिल्ह्यापुरता लहान करून घेतो, आणि सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या विदर्भातल्याच एका गावात भिंती रंगवायच्या होत्या. गावाचं नाव सांगत नाही, तिथली मंडळी भली आहेत. स्वच्छतेच्या स्पर्धेची पाहणी तोंडावर आली होती. ‘सर सौंदर्यशास्त्र शिकवायचे’ म्हणून निवड समितीत आम्हालाही बोलावलं. पुढ्यात तीन-चार नमुने ठेवले. आम्ही वारलीच्या नमुन्यावर बोट ठेवलं. गेरूची जमीन, पांढऱ्या रेषा, तारप्याभोवती फेर धरलेली माणसं. एकमतानं मंजूर, वर चहा. आठवड्यात भिंती झाल्या आणि दिसायला देखण्या झाल्या, हे कबूल करायला हवं. पण जिच्या घरासमोर ती भिंत होती त्या आजीनं आम्हाला थांबवून विचारलं, “गुरुजी, हे कोन लोक आहेत जी? आपल्या इकडचे त नाही दिसत.”

चाळीस वर्षं वर्गात कांट शिकवला, पण इतका नेमका प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

वारली ही पालघर-डहाणू-जव्हारकडची कला. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची. आणि मुळात ती सजावट नव्हे. लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, ते काढल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे त्या चित्राला घर होतं, मुहूर्त होता, काम होतं. गेल्या शतकाच्या सत्तरीत ती कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी ती जगभर नेली, त्यात गैर काहीच नाही. गैर आमच्याकडून झालं. आम्ही तिचं घर आणि मुहूर्त काढून टाकला आणि उरलेला नक्षीचा कागद दुसऱ्याच्या दारावर चिकटवला. एक नव्हे, दोन समाजांचा त्यात अपमान झाला: ज्यांची कला होती त्यांचा, आणि ज्यांची भिंत होती त्यांचाही.

हे एका गावापुरतं नाही. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण आलं, २०२० मध्ये राज्याचं ‘माझी वसुंधरा’ अभियान आलं. दोन्हींनी कामं झाली, हे नाकारणारे आम्ही कोण? कचरा उचलायला लागला, झाडं लागली. पण स्पर्धेची एक खोड असते. परीक्षक चार तास येतो आणि डोळ्यांनी तपासतो. मग जे चार तासांत दिसतं ते आधी होतं. गटार दिसत नाही, भिंत दिसते. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूतं ठेकेदारानं चौरस फुटाच्या दरानं रंगवली. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांपैकी पाच तरी लोकांपर्यंत पोचली, असं म्हणून आम्ही समाधान मानलं होतं. असो.

आता अंदाजपत्रक कसं असतं ते बघा. आधी रस्ता, मग नाली, मग पेव्हर ब्लॉक, मग रेलिंग, मग दिवे. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘सुशोभीकरण’. कला या ओळीत राहते. निधी कमी पडला की पहिली कात्री हिच्यावर, आणि निधी उरला की रातोरात एक फायबरचा हत्ती. म्हणजे कला ही विकासात मिसळलेली नसून विकासावर शिंपडलेली असते, पोह्यावर कोथिंबीर शिंपडावी तशी. आमची तक्रार कलेच्या दर्जाबद्दल नंतर आहे, आधी या क्रमाबद्दल आहे.

आणि गंमत म्हणजे कायदा असं म्हणत नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. तिनं घटनेला बारावी अनुसूची जोडली, नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा कामांची. त्यात तेरावं काम आहे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं. बाराव्या क्रमांकावर बागा आणि मैदानं, चौदाव्यावर स्मशानभूमी. सौंदर्य या दोहोंच्या मध्ये, स्वतंत्र काम म्हणून. बागेचा भाग म्हणून नाही आणि कंपाउंडच्या भिंतीचा रंग म्हणून तर नाहीच.

बरं, सार्वजनिक कला म्हणजे नेमकं काय? उघड्यावर ठेवली की ती सार्वजनिक होते का? न्यूयॉर्कचं एक उदाहरण सांगतो. १९८१ मध्ये तिथल्या फेडरल प्लाझात रिचर्ड सेरा या थोर शिल्पकाराचं ‘टिल्टेड आर्क’ उभं राहिलं. पोलादाची १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली वक्र भिंत. चौकाच्या मधोमध. आसपासच्या कार्यालयांत काम करणारी माणसं वैतागली, त्यांना रोज वळसा पडायचा. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. आता ऐका: १२२ जण शिल्प ठेवा म्हणाले, ५८ जण काढा म्हणाले. समितीनं चार विरुद्ध एक मतांनी काढायचं ठरवलं आणि १९८९ मध्ये ते कापून नेलं. सेराचं म्हणणं होतं, हे याच जागेसाठी घडवलंय, इथून हलवणं म्हणजे नष्ट करणं. तर्क बिनतोड आहे. पण त्यानं ‘जागा’ म्हणताना लांबी, रुंदी, उतार एवढंच धरलं. जेवणाचा डबा घेऊन उन्हात बसणारा कारकून त्या जागेच्या व्याख्येत आलाच नाही. आणि दुसऱ्या बाजूला, बहुमत शिल्पाच्या बाजूनं असताना ते काढलं गेलं, म्हणजे ‘लोकांना विचारलं’ हे वाक्यही आपण समजतो तेवढं सरळ नाही.

याच्या उलट चंदीगड. नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकानं सरकारी जमिनीवर, परवानगीशिवाय, फुटक्या बांगड्या, कपबश्या, विटा यांतून वर्षानुवर्षं गुपचूप एक नगरीच उभी केली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी उघडली. पुढे १९९० मध्ये तिचा काही भाग पाडायला बुलडोझर आले, तेव्हा नागरिकच आडवे उभे राहिले. सेराच्या शिल्पापुढे असं कुणी आडवं पडलं नाही. आमच्या मते सार्वजनिकपणाची कसोटी इथे कुठेतरी आहे. ती गोष्ट उद्या मोडली, चोरीला गेली, तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल?

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेविषयीच्या विचाराची दोन टोकं मांडली, अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी. एक म्हणतं, कलेचा व्यवहाराशी संबंध नाही, ती स्वयंपूर्ण. दुसरं म्हणतं, ती जगण्यातलीच एक गोष्ट. वर्गात आम्ही पहिल्या टोकाकडे झुकत असू, हे जुने विद्यार्थी सांगतील. पण चौकात, तलावाच्या पाळीवर, पहिलं टोक टिकत नाही. तिथे येणारा माणूस तिकीट काढून, मन शांत करून आलेला नसतो. त्याला भाजी घ्यायची असते.

आता आपल्या तलावांकडे येऊ. भंडारा शहरातल्या खांब तलावाच्या नावातच खांब आहे. पाण्याच्या मधोमध उभा असलेला खांब. तलावात असा खांब रोवण्याची रीत देशात बऱ्याच ठिकाणी होती. अनुपम मिश्रांनी १९९३ च्या ‘आज भी खरे हैं तालाब’ या पुस्तकात तिच्याविषयी लिहिलंय. खांबावरून पाणी किती चढलं, किती उतरलं हे गावाला काठावरून कळे, आणि तलावाची प्रतिष्ठा म्हणूनही तो असे. एकच वस्तू मोजमापही आणि पूजाही. याहून चांगलं सार्वजनिक शिल्प आम्हाला सुचत नाही. त्याच्यापुढे सेल्फी काढा, न काढा, ते आपलं काम करतं.

पूर्व विदर्भातले हजारो मालगुजारी तलाव, ज्यांना आपण ‘मामा तलाव’ म्हणतो, त्यांत कोहळी समाजाच्या पिढ्यांचं कसब आहे. पाळ कुठे घालायची, तुडूम कुठे ठेवायचं, जास्तीचं पाणी सलंगावरून कसं काढायचं, खालच्या बोडीला ते कसं मिळेल. मालगुजारी कायद्यानं गेली १९५०-५१ च्या सुमारास. तलाव सरकारचे झाले आणि हळूहळू कुणाचेच राहिले नाहीत. आज तलावाचं सुशोभीकरण म्हणजे काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. काठाला काँक्रीट, वर पेव्हर, भोवती रेलिंग, मध्ये कारंजं. पाळीची माती झाकली, झाडं तोडली, आणि ढिवरांनी जाळं वाळत घालायची जागा गेली. मग त्याच रेलिंगपाशी मासे धरणाऱ्या कोळ्याचा रंगीत पुतळा! ज्याला हटवलं त्याचाच पुतळा. याला आम्ही सौंदर्याचा प्रश्न म्हणत नाही, हा न्यायाचा प्रश्न आहे. पण तो डोळ्यांनाच आधी खुपतो, म्हणून सौंदर्यशास्त्राच्या माणसानं तो बोलायला हवा.

इथे कुणी आम्हाला थांबवील. म्हणेल, सर, लोकांना तो फिरण्याचा रस्ता आवडतो. खरंय. गावोगावच्या ‘आय लव्ह’ अक्षरांनाही आम्ही बराच काळ नाकं मुरडली. अॅमस्टरडॅमनं तशी अक्षरं २००४ पासून मिरवली आणि संग्रहालयासमोरची २०१८ मध्ये गर्दीला कंटाळून उचलली, हा दाखला आम्ही मोठ्या तोऱ्यात देत असू. मग आमच्या नातीनं सांगितलं, “आजोबा, संध्याकाळी सात वाजता मैत्रिणींबरोबर उभं राहता येईल अशी दिवे असलेली जागा गावात तेवढीच आहे.” आम्ही गप्प. अक्षरं वाईट असतील, पण त्या अक्षरांखालचा उजेड आणि तिथं मुलींनी उभं राहणं ही खरी सार्वजनिक गोष्ट आहे. तेव्हा जे काही उभारायचं ते या मुलींना घराकडे न धाडता उभारावं लागेल. टीकाकाराला हे पथ्य अवघड जातं.

आता पितळ. भंडारा हे नावच ‘भाण’ म्हणजे पितळ, त्यावरून आलं, असं गॅझेटियरपासून सगळे सांगतात. आमच्या आईच्या लग्नातला गुंड अजून घरात आहे. त्याच्या खांद्यावर ठोक्यांचे खळगे आहेत, बोट फिरवलं की एकेक ठोका लागतो. स्टील आलं, मग प्लॅस्टिक, आणि पितळेचे ठोके विरळ होत गेले. आणि या पितळनगरीत आपण चौकांसाठी काय आणतो? फायबर. आपल्या मे महिन्याच्या उन्हात, पंचेचाळीस अंशांत, फायबरला चार-सहा वर्षांत तडे जातात, रंग उडतो, आणि मग ते कुठे टाकायचं हा प्रश्न पडतो. पितळेची रीत पाहा. जुनं भांडं मोडीत द्यायचं, वजनावर नवं घ्यायचं. धातू वितळतो, पुन्हा घडतो. ‘शाश्वत’ हा शब्द परिषदांमध्ये येण्याआधीपासून आपल्या बायका तो तराजूत तोलत होत्या.

फिलाडेल्फिया शहरानं १९५९ मध्ये बांधकामखर्चातला एक टक्का कलेसाठी राखून ठेवायचा नियम केला, मग अनेक शहरांनी तसं केलं. आपल्याकडेही असा टक्का मागणारे आहेत. आम्ही एवढंच म्हणू, की तो टक्का शेवटच्या ओळीत नको. पाण्याचा नळ, दिव्याचा खांब, बसण्याचा ओटा, गुजरीतला निवारा, यांच्या घडणीत तो जिरला पाहिजे. नळाची तोटी पितळेची का नसावी? ती इथल्या हातानं घडलेली का नसावी? चोरीला जाईल, असं अभियंता म्हणेल. जाईल. म्हणून तर तिच्यावर गल्लीचं लक्ष हवं, आणि गल्ली लक्ष ठेवील तेव्हाच ती गल्लीची होईल.

शेवटचं, पवनीचं. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी. इसवीसनापूर्वीचा स्तूप निघाला, कोरीव दगडी कठडा निघाला, मुचलिंद नाग निघाला. त्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत नावं आहेत. कुणाची? दान देणाऱ्यांची. एकेका माणसानं एकेक दगड दिला आणि त्यावर आपलं नाव कोरलं. वैनगंगेकाठी दोन हजार वर्षांपूर्वी सार्वजनिक काम असं झालं होतं.

आजच्या चौकातल्या कोनशिलेवरही नावं असतात. ग्रॅनाइटवर, सोनेरी रंगात. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘यांच्या प्रयत्नातून’. ज्यानं रंगवलं त्या पेंटरचं नाव नसतं. त्याचं दुकान तर फ्लेक्सनं केव्हाच बंद पाडलं. अशा एका पेंटरकडे आम्ही मागे गेलो होतो. पूर्वी मंडईच्या दिवसांत दंडार आणि नाटकांचे पडदे रंगवायचा. पडद्यावरचा महाल, जंगल, नदी सगळं त्याच्या हातचं. आता तो दुचाकींच्या पाट्यांवर नंबर टाकतो. आम्ही विचारलं, गावातली एक भिंत दिली तर काय काढाल? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आधी कोनाची भिंत आहे ते सांगा जी. त्याले इचारतो, मंग सांगतो.”

आमच्या समितीत सात शिकलेली माणसं होती. हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं.

वेळ झालीय, दिवेही जातील म्हणतात. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या त्या मुलीनं मघापासून हात वर केलाय, तिच्यापासून सुरू करू.