मेमटेस्ट८६ : ‘पास’चा अर्थ काय?

रॅमचा वेग प्रमाणित मर्यादेपलीकडे वाढवणे, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग, हा संगणकाच्या हौशी जाणकारांचा आवडता उद्योग आहे. वेग वाढवल्यावर संगणक स्थिर राहिला की नाही, हे पाहण्यासाठी त्यांपैकी अनेकजण मेमटेस्ट८६ ही आज्ञावली वापरतात. ख्रिस ब्रॅडी यांनी ती १९९४ साली लिहिली. चाचणीअंती पडद्यावर ‘पास’ हा शब्द उमटला की काम झाले, असे मानले जाते. आमचा आक्षेप या मानण्याला आहे.

आधी गुण. ही आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिमविना चालते, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तिला तपासता येते. ती रॅममध्ये ठरावीक आकृतिबंध लिहिते, परत वाचते आणि फरक पडल्यास चुकीची जागा दाखवते. मात्र दोष रॅमच्या पट्टीचा, प्रोसेसरमधील नियंत्रकाचा की मदरबोर्डाचा, हे ती सांगू शकत नाही. ओव्हरक्लॉकिंगनंतर एकही चूक दिसली, तर वेग खाली आणावा.

चूक दिसली नाही, तर? डीडीआर४-३२०० रॅममध्ये घड्याळाचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा असतो. प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभार. तो गळत राहतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ नव्याने भरावी लागते. ८५ अंश सेल्सिअसच्या वर याच्या दुप्पट वेळा. वेगासाठी हौशी मंडळी हे अंतर लांबवतात, आणि तापमान वाढले की गळतीही वाढते. मेमटेस्ट८६ चालू असताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ स्वस्थ असते व पेटीतली हवा त्या मानाने थंड राहते. हिवाळ्यातल्या रात्रीची अशी चाचणी वैशाखातल्या दुपारची हमी कशी देणार?

दुसरा मुद्दा संख्याशास्त्राचा आहे. चुका यादृच्छिक व परस्परांपासून स्वतंत्र धरल्या, तर ‘न’ तासांत शून्य चुका दिसल्यावर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की चुकांचा दर ताशी ३/न पेक्षा कमी आहे. आठ तासांची चाचणी निर्दोष पार पडली, तरी दिवसाला सुमारे नऊ चुकांपर्यंतची शक्यता नाकारता येत नाही!

आणि प्रत्येक चुकीने संगणक बंद पडतो असेही नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे ७१ गुण द्विमान पद्धतीत १०००१११ असे साठवले आहेत, असे समजू. डावीकडचा एकच १ बदलून ० झाला, तर उरतात ७. संगणक तक्रार करत नाही. ७ हाच आकडा डिस्कवर जातो आणि पुढच्या प्रतींतही उतरतो.

म्हणून आमचे मत असे: मेमटेस्ट८६ हे साधन चांगले आहे, त्याचा निकाल मात्र अपुऱ्या शब्दांत मांडला जातो. ‘पास’ऐवजी ‘इतक्या तासांत, इतक्या तापमानाला चूक आढळली नाही’ असे वाचावे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी जुन्या संगणकावर ओव्हरक्लॉकिंग जरूर करून पाहावे. वेग, तापमान आणि चुकांची संख्या यांचा तक्ता करावा. शाळेचे निकालपत्रक ज्या संगणकावर आहे, त्याची रॅम मात्र प्रमाणित वेगावरच चालू द्यावी.