छातीचा संरोध : मोजलेले किती, मानलेले किती?

हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते, हे शरीरात नळी न घालता कळावे, ही वैद्यकाची जुनी गरज. १९६६ साली अमेरिकेत कुबिचेक व सहकाऱ्यांनी त्यासाठी छातीच्या विद्युत् संरोधाचा, म्हणजेच इंपिडन्सचा, उपयोग केला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रातील जी. डी. जिंदल आणि मुंबईच्याच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. जी. बी. पारुलकर यांच्या गटाने याच तत्त्वाने पायांच्या रोहिण्यांतील अडथळे तपासले. ते काम १९८१ साली प्रसिद्ध झाले.

रीत सोपी आहे. बाहेरच्या दोन इलेक्ट्रोडांतून सुमारे ५० किलोहर्ट्झचा, जाणवणारही नाही इतका क्षीण प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधील विद्युत् दाब मोजायचा. रक्त सुवाहक, हवा दुर्वाहक. म्हणून श्वास आत घेतला की छातीचा संरोध वाढतो आणि महारोहिणीत रक्त शिरले की किंचित घटतो. मूळ संरोध २५ ओहम् असेल, तर ठोक्यागणिक होणारा बदल जेमतेम ०.१ ते ०.२ ओहम्. तो पकडणे खरोखर कौतुकाचे आहे.

आमचा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीवर. यंत्र ओहम् मोजते. पडद्यावर मात्र मिलिलिटर उमटतात. मधला दुवा कुबिचेक यांच्या सूत्राचा. इलेक्ट्रोडांमधील अंतराला मूळ संरोधाने भागून वर्ग करायचा. त्याला रक्ताची रोधकता, रक्त बाहेर पडण्याचा काळ आणि संरोध घटण्याचा कमाल वेग यांनी गुणायचे. येथे छाती हा एकसारखा दंडगोल मानलेला असतो!

हे गणित वर्गात करून पाहावे. रोधकता १५० ओहम्-सेंमी., मूळ संरोध २५ ओहम्, काळ ०.३ सेकंद, वेग सेकंदाला १.३ ओहम् घ्या. अंतर २७ सेंमी. असेल तर उत्तर ६८ मिलि. येते; ३० सेंमी. धरले तर ८४ मिलि. मोजपट्टीची चूक ३ सेंमी.ची, हृदय तेच. शिवाय रक्तक्षयात रक्ताची रोधकता कमी होते, फुप्फुसात पाणी साचले तर मूळ संरोध उतरतो. म्हणजे ज्याला तपासणीची गरज अधिक, त्याच्याच बाबतीत गृहीतके लंगडी पडतात.

म्हणून पद्धत टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. इलेक्ट्रोड न हलवता एकाच रुग्णाचे सकाळ-संध्याकाळचे आलेख पाहिले, किंवा डाव्या पायाची उजव्याशी तुलना केली, तर बरीच गृहीतके दोन्हीकडे सारखी राहतात व फरक बोलका होतो. वसई पूर्वेच्या सातिवलीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत प्रत्येकाची नळी घालून तपासणी होणे शक्य नाही. तेथे कोणाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे, हे ठरवण्यास अशी चाचणी उपयोगी पडू शकेल. मात्र पडद्यावरच्या एकाच आकड्यावरून औषधाची मात्रा ठरवणे धोक्याचे.

शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. कोणत्याही यंत्राच्या आकड्यासाठी विद्यार्थ्यांकडून दोन रकाने भरून घ्यावेत : मोजलेले आणि मानलेले. दुसरा रकाना कोरा राहिला, तर यंत्र पुरते समजलेले नाही असे समजावे.