‘वेडा’ कोण म्हणतो? : श्रीगोविंदप्रभुचरित्राचें एक परीक्षण

धर्माबादच्या टापूंत मराठी व तेलुगू शेजारीं नांदतात. १९४८ पर्यंत निजामी दफ्तराची भाषा उर्दू होती. त्यामुळें मनोविकारास येथें तीन नांवें मिळालीं : वेड, पिच्चि, जुनून. यांपैकीं जुनून हा शब्द ‘जिन्न’ याच्याच अरबी धातूचा. म्हणजे नांवांतच निदान दडलेलें आहे. चरकानेंही उन्मादाचे चार प्रकार दोषज व पांचवा आगंतु मानून, आगंतूस औषधाबरोबर मंत्र व बलि सांगितले. तेव्हां जुन्या पोथींतील ‘वेडा’ हा शब्द रोगनाम समजण्यापूर्वीं तो कोणाच्या तोंडीं आहे, हें पाहणें अवश्य आहे.

या दृष्टीनें म्हाइंभटसंकलित ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’ पुन्हा वाचण्याजोगें आहे. डॉ. वि. भि. कोलते यांची आवृत्ति १९४४ ची, ॲन फेल्डहाउस यांचें इंग्रजी भाषांतर १९८४ चें. चरित्रनायक ऋद्धिपूरचे, परंतु त्यांची परंपरा दत्तात्रेय व चांगदेव राउळ यांच्या द्वारें माहुरास, म्हणजे धर्माबादच्याच नांदेड जिल्ह्यांत, पोंचते. राउळ आपल्याशींच हंसतात, क्षणांत रागावतात, मुलांसारखे खेळतात, अंत्यजांच्या घरींही जातात. गांव त्यांस वेडे म्हणतो, आणि संकटांत त्यांनाच शरण जातो.

भाविक वाचक या वेडास केवळ सोंग ठरवितो. आधुनिक वाचक त्यास रोगाचें नांव चिकटवितो. आमच्या मतें दोघेही ग्रंथाबाहेर जातात. ही शिष्यांनीं जपलेली आठवण आहे, वैद्याची टिपणी नव्हे. तींतून राउळांचा रोग कळत नाहीं. तेराव्या शतकांतील ऋद्धिपूर कशास वेड म्हणे, एवढें मात्र कळतें. त्यांत एकट्यानें हंसणें व विटाळ न मानणें एकाच पंक्तीस बसलें आहे.

हा प्रश्न केवळ पोथ्यांचा नाहीं. फलटणच्या महानुभाव मंदिराविषयीं व्हिएडा स्कल्टन्स यांनीं १९८७ सालीं लिहिलेल्या निबंधांत, घरांतील मनोरुग्णाची पीडा आपणांवर यावी म्हणून बायका अंगांत घेतात, असें दिसतें. बाहेरच्यास रोगी वाटेल ती स्त्री घरच्यांच्या लेखीं शुश्रूषा करणारी असते. तिच्या वांट्याचे कष्ट मात्र कोणी मोजीत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंही, समाजाच्या चालीरीति न पाळणें एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरवूं नये, असें सांगितलें आहे. ऋद्धिपुरास हा विवेक साधला नव्हता. पण लेखकानें दोन्ही बाजू नोंदून ठेवल्या.

म्हणून पोथीसंग्राहकांस विनंति एवढीच, कीं नक्कल करतांना ‘वेडा’, ‘पिसा’ हे शब्द लाजेनें गाळूं नयेत व रोगनामांनीं बदलूं नयेत. बोलणारा कोण, हें मात्र अवश्य टिपावें.