‘वाण’, ‘गावरान’ आणि सातेरी माशी

देशी मधमाशीचे निवडीने प्रजनन करून बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात मधोत्पादन व पिकांचे परागीभवन ही दोन्ही कार्ये साधावीत, हा विचार मराठी कृषिविषयक लेखनात उत्साहाने मांडला जातो. विचार स्वागतार्ह आहे. परंतु ‘वाण’, ‘पैदास’, ‘जातिवंत’ ही त्याची परिभाषा ज्वारीच्या शेतातून व गुरांच्या गोठ्यातून उचललेली असून तिच्या पोटातील गृहीते मधमाशीस लागू पडत नाहीत.

प्रथम ‘देशी’ हाच शब्द पाहावा. आग्या, फुलोरी, सातेरी व डंखहीन पोयाची या साऱ्याच माशा येथल्या. आग्या व फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत नांदत नाहीत. तेव्हा निवडीचा सारा विचार व्यवहारात सातेरीपुरताच उरतो. सूर्यफुलावर किंवा कांद्याच्या बियाण्याच्या गोंड्यांवर मात्र आग्या व फुलोरीही राबतात, आणि त्यांच्यासाठी जुनी झाडे व डोंगरकडे राखणे एवढाच उपाय आहे. बीडच्या नामांकित सीताफळाचे परागीभवन तर मधमाशा करीतच नाहीत. ते बारीक भुंगेऱ्यांचे काम होय. ‘पिकांचे परागीभवन’ हा शब्दप्रयोग सरसकट वापरणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे होते.

खरा घोटाळा ‘वाण’ या शब्दाने होतो. सी. एस. एच.-१ हा संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली आला. तेव्हापासून शेतकऱ्याच्या बोलीत वाण म्हणजे पिशवीत बंद करून विकत आणण्याची वस्तू झाली. मधमाशीचा वाण असा बंद करता येत नाही. नवी राणी पेटीबाहेर पडून उंच हवेत अनेक नरांशी संयोग पावते, आणि ते नर शेजाऱ्याच्या पेटीतले, झाडाच्या ढोलीतले, विहिरीच्या कपारीतले असतात. पालक आई निवडतो. बाप परिसर निवडतो. कृत्रिम रेतनाचा मार्ग वॉटसन यांनी १९२६ च्या सुमारास अमेरिकेत दाखविला हे खरे, पण तो प्रयोगशाळेचा मार्ग आहे, बांधावरचा नव्हे.

या नराची मराठीत मोठी उपेक्षा झाली आहे. ‘माशी’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘नर माशी’ हा प्रयोग कानाला अवघडच वाटतो. त्यात ‘राणी’ या रूपकाचे तेज एवढे की, प्रजननावरील विवेचन राणीपाशी सुरू होऊन राणीपाशीच संपते. वस्तुतः नर अफलित अंड्यातून जन्मतो, हे झिएर्झोन यांनी १८४५ मध्येच मांडले होते. त्याला बाप नसतो, पण पुढल्या पिढीचे अर्धे दान त्याचेच असते. मोजक्याच पेट्यांतून वंश चालविला तर लिंग ठरविणारे घटक सारखे पडून फलित अंड्यांतूनही नर निपजतात; कामकरी माशा त्या अळ्या खाऊन टाकतात आणि पोळ्यात रिकामी घरे दिसू लागतात. ‘जातिवंत’ राखण्याच्या अट्टाहासाचे हे फळ होय.

निवडीच्या उद्दिष्टांत ‘पेटी न सोडणारी’ हा गुण अग्रभागी असतो. येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे. फुलोरा सरला की सातेरी पेटी सोडते. पालकाच्या दृष्टीने ही खोड. बीडच्या उन्हाळ्यात ती जगण्याची रीत असू शकते. दसऱ्यानंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी ज्या जिल्ह्यातून बाहेर पडतात, तेथे हे निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ती खोड निवडीने काढली तर साखरेच्या पाकावर जगणारी माशी हाती येईल, आणि पाक देणे परवडले नाही त्या वर्षी तीही उरणार नाही. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिण भारतातील बहुसंख्य सातेरी वसाहती नष्ट झाल्या. पुढे ज्या वाचल्या त्यांच्यातूनच विस्तार झाला. ती निवड परिसराने केली होती.

तेव्हा प्रजननाचे एकक पेटी नसून गाव असावे लागते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. त्यात गावाला एकक मानण्याची दृष्टी आहे, जरी नाव मधावरून पडले असले तरी. मराठवाड्याच्या बोलीत यासाठी नेमका शब्द आहे: ‘गावरान’. गावरान ज्वारी, गावरान कोंबडी म्हणताना मालकाची शुद्धता नव्हे, तर त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहणे अभिप्रेत असते. सातेरीला हा शब्द लावला तर योजनेच्या नोंदवहीत राणीच्या जोडीने गावातल्या ढोली, विहिरींच्या कपारी व तेथील नरही मोजावे लागतील.