आखणी आणि कापणी

अंजनवेलला आमच्या घरी गणपती बसतो तो माजघरातल्या कोनाड्यात. जांभ्याच्या भिंतीतला हा कोनाडा सव्वादोन फूट रुंद आहे आणि बाजारातले तयार मखर त्यात कधीच मावत नाही. माझ्या लहानपणी मखर म्हणजे चार कामट्या, रंगीत कागद आणि वाटीभर खळ. पुढे मुंबईहून येणारे चाकरमानी थर्माकोलची मखरे आणू लागले. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली आणि त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत आमच्या भागात लेझरने कापलेली एमडीएफची मखरे आली. कमान, दोन बाजूंना जाळी, वर मोर. परवाच्या गणपतीत आरतीला सात घरे फिरलो, त्यातल्या पाच घरांत एकच मोर होता.

मीही त्यातलेच एक करून घ्यायला गेलो होतो. बाजारपेठेतल्या दुकानात मोठे यंत्र, शेजारी संगणक, पेनड्राइव्हवर हजारभर नक्षी. मी म्हटले, हेच मखर ऐंशी टक्के करून दे. मुलाने आकडा टाकला, यंत्र चालले, वीस मिनिटांत तुकडे हातात. घरी येऊन जोडू लागलो तर एकही कुसू खाचेत जाईना. कारण साधे होते. पाटी साडेपाच मिलिमीटर जाडीची. मूळ आकृतीत खाच तेवढीच रुंद. सगळी आकृती ऐंशी टक्के केल्यावर खाच झाली ४.४ मिलिमीटर, पाटी मात्र साडेपाचच राहिली. परत गेलो. मुलगा म्हणाला, “काका, फाइल तशीच आलीय. तिच्यात हात नाय घालता येत.”

संगणकावरची आकृती यंत्राकडून थेट वस्तूत उतरवणे, याला डिजिटल फॅब्रिकेशन म्हणतात. त्याविषयी बोलताना आपल्याकडे बहुधा दोनच सूर लागतात. एक हळहळीचा, की हात गेला, कारागीर गेला. दुसरा कौतुकाचा, की आता कोणीही काहीही बनवू शकतो. माझ्या मखराला हे दोन्ही सूर लागू पडत नाहीत. हात गेला म्हणावे तर थर्माकोलच्या मखरातही फार मोठे हस्तकौशल्य होते असे नाही. तीही ठरावीक साच्यांचीच असत. आणि कोणीही काहीही बनवतो म्हणावे तर पाच घरांत एक मोर का?

गणपतीच्या शाळेत याचे उत्तर निम्मे तरी सापडते. शाडूची मूर्ती साच्यातूनच निघते, शेकड्यांनी निघते, आणि त्याबद्दल कोणी खंत करत नाही. पण रंग झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते. ती करणारा एकटा बसतो, तेव्हा शाळेत मोठ्याने कोणी बोलत नाही. मूर्ती कोणाच्या हातची हे आखणीवरून ओळखतात. मराठीत आखणी या शब्दाने रेघ ओढणेही होते आणि बेत ठरवणेही होते. सुतार आखतो आणि मग कापतो. आमच्या दुकानातले यंत्र अप्रतिम कापते. आखणी मात्र कुठेतरी दूर, कोणीतरी, एकदाच करून ठेवली आहे. (अंजनवेलला याची सवय आहे. गावालगत वेलदूरच्या बाजूला १९९९मध्ये वीज देऊ लागलेला आणि २००१मध्ये बंद पडलेला एन्रॉनचा प्रकल्प ज्या कंपनीचा होता, तिचे मुख्यालय ह्यूस्टनला होते.)

म्हणून अशा कोणत्याही कामाची समीक्षा करताना मी एकच प्रश्न धरतो. वस्तू हाताने केली की यंत्राने, हा तो प्रश्न नव्हे. ज्याने केली त्याला आखणीत बदल करता येतो का, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर महाराष्ट्रातले सर्वांत मोलाचे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना काम करता करता शिकवायचे, हा त्यांचा मार्ग. एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने जगभर जी फॅब लॅब पसरली, तिची एमआयटीबाहेरची पहिली शाखा २००२मध्ये पाबळला निघाली. गेर्शेनफेल्ड यांच्या २००५च्या ‘फॅब’ या पुस्तकात कलबाग भेटतात. पण ते पुस्तक येण्याआधीच, २००३मध्ये, कलबाग गेले होते.

पाबळची गोष्ट सांगताना बहुतेक जण २००२पासून सुरुवात करतात. परदेशी विद्यापीठ, खेड्यात लेझर, छान बातमी. माझ्या मते इथे क्रम उलटा लावला जातो. यंत्र येण्याआधीची एकोणीस वर्षे हा त्या गोष्टीचा गाभा आहे, आणि त्या वर्षांतले सर्वांत बोलके काम म्हणजे पाबळचे घुमट. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून उभी केलेली गोल घरे. मुलांनीच कापलेली, मुलांनीच जोडलेली.

असा घुमट म्हणजे मुळात एक गणित असते. त्याचा एक अगदी सोपा प्रकार घ्या. अर्धगोल उभा करायला पासष्ट पट्ट्या लागतात आणि त्यांच्या लांब्या दोनच. तीस पट्ट्या त्रिज्येच्या ०.५४७ पट, पस्तीस पट्ट्या ०.६१८ पट. त्रिज्या दहा फूट धरली तर पाच फूट साडेपाच इंच आणि सहा फूट दोन इंच, थोडे इकडेतिकडे. हे दोन आकडे ज्याला समजले त्याच्याकडे एक घुमट नाही, सगळे घुमट आले. गोठ्याएवढा हवा तर गोठ्याएवढा, शाळेएवढा हवा तर शाळेएवढा. मात्र एक मेख आहे. पट्टीच्या टोकाला भोकापलीकडे जे थोडे लोखंड सोडावे लागते ते बोल्टच्या मापाने ठरते. घुमट दुप्पट केला म्हणून ते दुप्पट होत नाही. लांबी गुणायची, टोकाची जागा मिळवायची. काय गुणायचे आणि काय नुसते मिळवायचे, हे पहिली पट्टी चुकीची कापल्यावर मुलाला जे कळते ते फळ्यावर कळत नाही.

माझ्या मखराची चूक नेमकी हीच होती. जे मिळवायचे ते यंत्राने गुणले.

आमच्या वाडीतला म्हातारा सुतार ही चूक करूच शकला नसता. खाच आखताना तो जाडी मोजतच नाही. एक फळी दुसरीवर उभी धरतो आणि दोन्ही अंगांनी पेन्सिल ओढतो. फळीच आपले माप आपण देते. त्याला कोणी गणिती म्हणणार नाही, पण संगणकातले लोक आज ज्याला मोठे नाव देतात ती गोष्ट तो कान खाजवता खाजवता करतो.

अक्षरांतही हेच दिसते, आणि तिथे आपला इतिहास जास्त अभिमानाचा आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या टाइपासाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर अक्षरे कोरली. त्या काळी प्रत्येक आकाराचा टाइप वेगळा कोरावा लागे. लहान अक्षर म्हणजे मोठ्याची आक्रसलेली प्रत नव्हे. लहानात पोकळ्या जरा मोकळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर शाई भरून ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. इथेही सगळेच गुणून चालत नाही.

पुढे र. कृ. जोशी यांनी ही जाण संगणकात नेली. जाहिरातक्षेत्रात उमेदवारी, मग पवईच्या आयआयटीत अध्यापन, मग एनसीएसटी या संस्थेत संगणकतज्ज्ञांबरोबर काम. मूळचा बोरू-ब्रशचा माणूस. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. रफार पुढच्या अक्षरावर कुठे चढायचा, पहिली वेलांटी उच्चारात मागून येऊनही आधी कशी काढायची, हे पूर्वी जुळाऱ्याच्या बोटांत असलेले नियम टंकातच बांधले गेले. हाताची अक्कल यंत्रात उतरवण्याचे इतके मोठे काम मराठीत दुसरे क्वचितच झाले असेल. आणि त्या मंगलचे आम्ही काय केले? पडद्यावरच्या बारीक मजकुरासाठी बेतलेले हे शांत अक्षर सहा इंचांचे करून ॲक्रिलिकमध्ये कापले आणि दारावर ठोकले. गुहागर-चिपळूण रस्त्यावर अशा नावपाट्या मी मोजणे सोडून दिले आहे. मोठ्या अक्षरासाठीच काढलेला एक टाइप या संस्थेचा जाडजूड ‘मोदक’ फुकट मिळतो, त्यात कायदेशीरपणे फेरफारही करता येतात. तो वापरलेली एक पाटी मला सापडली. वडापावच्या गाडीवर होती आणि झकास दिसत होती.

दुकानातल्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला यंत्र चालवायला शिकवले, आखायला कोणी शिकवले नाही. यंत्र घ्यायला कर्ज मिळते, आखणी शिकायला कुठे जायचे हा पत्ता मात्र त्याला कोणी देत नाही. गावोगावच्या तंत्रशाळांत यंत्रांची संख्या अभिमानाने सांगतात तेव्हा मला पाबळची एकोणीस वर्षे आठवतात.

मखराचे पुढे काय झाले ते सांगतो. ओपनस्कॅड नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. त्यात आकृती काढत नाहीत, शब्दांत लिहितात. माझे शिक्षण त्या वाटेचे नाही. अकरा रात्री गेल्या. पाटीच्या जाडीला एक नाव दिले आणि प्रत्येक खाच त्या नावाने लिहिली. आता रुंदी बदला, उंची बदला, खाच साडेपाचचीच राहते. मोर काढता आला नाही, म्हणून दारातल्या सुरंगीची पाने घातली. पेनड्राइव्ह घेऊन त्याच दुकानात गेलो. मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला, मग त्याने स्वतःच रुंदीचा आकडा दोनदा बदलून पाहिला आणि विचारले, “जाडी तीनची टाकली तर?” टाकली. खाचा आपोआप अरुंद झाल्या. त्याने ती फाइल मागून घेतली.

चतुर्थीला मखर कोनाड्यात बसले. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. लेझर कापताना रेघेच्या जाडीएवढे लाकूड जाळतो, अगदी थोडे, पण खाच तेवढी सैल होते. उजव्या बाजूच्या कमानीखाली कॅलेंडरचे एक पान दुमडून घातले आहे.