इस्कीचा ‘ऍ’ आणि मराठीचा ‘ॲ’

भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या ‘इस्की’ प्रमाणात या स्वराला एकच स्थान आहे, १७४ वे. त्यावरून हिंदीने ‘ऍ’ वाचावे आणि मराठीने ‘ॲ’, अशी मुभा होती. युनिकोडने २००८ मध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान दिले आणि ती मुभा संपली. जुना मजकूर नव्या संकेतात आणताना कोणते अक्षर घ्यावयाचे, हे आता ठरवावेच लागते.

‘आयसीयू’ ही लायब्ररी हा निर्णय ‘ऍ’च्या बाजूने करते. आयबीएमने १९९९ मध्ये तिचा स्रोत खुला केला. २०१६ पासून ती युनिकोड कन्सॉर्टियमकडे आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (स्थापना १८९३) अथवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या (१८६४) संस्थेची सूची अशी रूपांतरित झाली असे मानले, तर साध्या शोधात ‘ॲरिस्टॉटल’ टंकणाऱ्या डोंबिवलीच्या वाचकास ‘ऍरिस्टॉटल’ सापडणार नाही. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ही दोन अक्षरे एक होत नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मात्र या रूपांतरात शाबूत राहतो, हेही नमूद केले पाहिजे.

स्रोत खुला आहे, तेव्हा एक नोंद बदलून लायब्ररी पुन्हा बांधावी, असे सुचविले जाते. बहुतेक संकेतांचे तक्ते आयसीयूत स्वतंत्र फायलींत असल्याने तेथे हे सोपेही आहे. इस्कीचे रूपांतर मात्र सी प्लस प्लसच्या आज्ञावलीतच गुंफलेले असून देवनागरीचा एकच तक्ता इतर लिपींनाही पुरविला जातो; प्रत्येक लिपीसाठी त्यात १२८ च्या पटीत अंतर मिळवितात. गुजरातीसाठी हे अंतर ३८४. तक्त्यात ‘ऍ’च्या जागी ‘ॲ’ घातला की ही बेरीज गुजरातीच्या त्या स्वरावर न पडता रिकाम्या स्थानावर पडते. शिवाय हिंदी मजकूरही याच वाटेने जातो, त्याला मराठी वळण लागते ते निराळेच. मूळ तक्ता चुकीचा नव्हे. त्याला लिपी ठाऊक आहे, भाषा ठाऊक नाही.

म्हणून हा पालट लायब्ररीच्या पोटात नव्हे, रूपांतरानंतर, मजकूर मराठी असल्याची खात्री असेल तेथेच करणे युक्त होय. उलट रूपांतराच्या आधी ‘ॲ’चा पुन्हा ‘ऍ’ करावा लागेल, एवढे कष्ट त्यात आहेत. स्वतःपुरती बदललेली प्रत याहून जड जाते. नव्या आवृत्तीबरोबर बदल पुन्हा करावा लागतो. तो राहून गेला तर चूक दाखविणारा कोणताही संदेश येत नाही, आणि एकाच सूचीत दोन ॲरिस्टॉटल नांदू लागतात.