सुबोधतेची कसोटी

विज्ञानाच्या नवशिक्या वाचकासाठी ग्रंथ निवडताना 'सुबोध' हे विशेषण बहुधा भाषेपुरतेच लावले जाते. वाक्ये लहान, परिभाषा विरळ आणि गणित वर्ज्य, एवढे साधले की ग्रंथ सुबोध ठरतो. ही कसोटी अपुरी आहे. विज्ञानात विधानाइतकेच त्याच्या प्रमाणाला महत्त्व असते. म्हणून एखादे विधान कशावरून केले, हे जो ग्रंथ वाचकास दाखवितो, तोच खऱ्या अर्थाने सुबोध होय.

जेन मार्सेट यांचा रसायनशास्त्रावरील संवादरूप ग्रंथ १८०६ साली प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये पुस्तकबांधणीची उमेदवारी करीत असता मायकेल फॅरडे यांनी तो वाचला. आपल्या ऐपतीप्रमाणे लहानसहान प्रयोग करून त्यांनी त्यातील विधाने पडताळली, ती खरी ठरली आणि मगच त्यांचा ग्रंथावर विश्वास बसला, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. येथे विश्वास पडताळ्याच्या मागून आला, हे लक्षणीय आहे.

फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्स यांनी ती संपादून १८६१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेच्या नळीचे टोक धरले असता दुसऱ्या टोकातून येणारे बाष्प पेटविता येते. म्हणजे जळते ते मेणाचे बाष्प. ज्वलनातून निघालेल्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ होते आणि उच्छ्वासानेही तेच घडते. अशा पायऱ्यांनी वाचक ज्वलन व श्वसन यांतील साम्यापर्यंत पोचतो. परिभाषा येथे टाळलेली नाही. आधी वस्तू दाखवून मग तिचे नाव सांगितले आहे.

याउलट स्टीफन हॉकिंग यांचा 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' (१९८८) हा ग्रंथ पाहावा. प्रत्येक समीकरणागणिक खप निम्म्याने घटेल, असे त्यांना सांगण्यात आले होते. अखेर त्यांनी आइन्स्टाइन यांचे एकच समीकरण ठेवले. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशावरून विश्वाचे प्रसरण कसे ओळखले, हे विवेचन त्यात उत्तम उतरले आहे, कारण तेथे प्रमाण वाचकासमोर आहे. मात्र 'काल्पनिक काल' या कल्पनेपाशी गणिताचा आधार काढून घेतला जातो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. सीमारहित विश्वाची कल्पना ही केवळ एक सूचना आहे, असे हॉकिंग यांनी प्रांजळपणे म्हटले आहे. तरीही तिचे बलाबल नवशिक्याला तोलता येत नाही. त्याला मान डोलावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

सर्वच शास्त्रे मेणबत्तीच्या उजेडात दाखविता येत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरून हॉकिंग यांचा ग्रंथ त्याज्य ठरत नाही, तो पहिला ग्रंथ नव्हे इतकेच सिद्ध होते. वाचनाच्या याद्या करताना हा क्रम चुकला, तर अर्ध्यावर पुस्तक मिटणारा वाचक दोष निवडीला देत नाही, स्वतःच्या बुद्धीला देतो; आणि विज्ञान आपल्यासाठी नव्हे असे मानून तो कायमचा दुरावतो.